अकरा किलो गंधक

लॅबमधल्या बाईला कारखान्यात कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे तिला पॉइंटताई म्हणत. कारण सरळ होतं. फोनवर आकडा घेताना समोरच्याने ‘पॉइंट’ गाळला की ती तिथल्या तिथे त्याची हजेरी घ्यायची. “बारा म्हणजे काय? केळी मोजतोय का आपण? पॉइंट झीरो वन टू म्हणा!” एका इंजिनिअरने घाईत एक शून्य कमी लिहिलं, तर तिने त्याच्याकडून अख्खं पान पुन्हा लिहून घेतलं होतं, तेही साहेबांसमोर. स्वभावाने वाईट नव्हती हो ती. पण आकड्याच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडायची नाही. आणि सख्खा भाऊ त्याच कारखान्यात भट्टीवर होता, तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला मशीनच्या पडद्यावर आकडा उमटला. सल्फर, म्हणजे आपला गंधक, पॉइंट झीरो फोर वन. गिऱ्हाइकाने घालून दिलेली हद्द होती पॉइंट झीरो वन फाइव्ह. तिने तोच तुकडा पुन्हा तपासला, झीरो फोर टू आला. तिसऱ्यांदा तपासला, पुन्हा झीरो फोर वन. तिने मानक काढला. मानक म्हणजे ज्याचा आकडा प्रमाणपत्रावर छापलेला असतो असा पोलादाचा ठोकळा, मशीन खरं बोलतंय की खोटं हे पाहायला ठेवलेला. मानकाचा आकडा काडीचाही हलला नाही. म्हणजे मशीन खरं होतं. म्हणजे दादा चुकला होता, लागोपाठ तिसऱ्यांदा.

तिने फोन उचलला.

“दादा, झीरो फोर वन.”

पलीकडे भट्टीचा नुसता घोंघाट. मग तो म्हणाला, “पॉइंट विसरलीस.”

“गंमत करू नकोस. पॉइंट झीरो फोर वन.”

“अगं, स्लॅग पांढरीशुभ्र आहे. हातात घेतली तर पीठ होतंय तिचं. कसं शक्य आहे?”

“मशीन तेच सांगतंय.”

आणि मग त्याने असं काही विचारलं की ऐकून ती घाबरली.

“अजून दोन पोती चुना टाकू का गं?”

आता यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. तर आधी दादा कोण ते ऐका. अठ्ठावीस वर्षं भट्टीवर. लोक त्याला चुनेकाका म्हणायचे, कारण चुना किती टाकायचा हे अख्ख्या कारखान्यात त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. वितळलेल्या पोलादावर तरंगतो तो चिखल म्हणजे स्लॅग. शाळेच्या पुस्तकात तिला धातुमळी म्हणतात, आणि मळी म्हटलं की लोकांना ती टाकाऊ वाटते. दादाला असं कुणी म्हटलेलं खपायचं नाही. “पोलाद चांगलं करायचं म्हणजे स्लॅग चांगली करायची, पोलाद आपोआप होतं,” असं तो येईल त्याला सुनवायचा. लोखंडी सळई स्लॅगमध्ये बुडवायची, वर काढायची, चिकटलेली चकती गार झाली की फोडून बघायची. काळी आणि काचेसारखी चकाकली, तर तिच्यात लोखंडाचा गंज अजून भरलाय, ती गंधकाला हातही लावणार नाही. हिरवट-तपकिरी झाली तर निम्मं काम झालं. पांढरी झाली आणि थोड्या वेळात आपसूक भुसभुशीत पीठ होऊन पडली, की समजायचं चुन्याने गंधक धरला. चुना कमी पडला तरी बोंब, आणि जास्त झाला तर स्लॅग मळलेल्या कणकेसारखी घट्ट होते, पोलादात मिसळतच नाही, मग त्या चुन्याचा उपयोग शून्य. हा सगळा हिशेब दादा नजरेने करायचा. अठ्ठावीस वर्षांत त्याने ‘चुना टाकू का’ असं कधी कुणाला विचारलं नव्हतं. लोक त्याला विचारायचे.

“नको,” ती म्हणाली. “घट्ट होईल. तुलाच माहीत आहे.”

“हो, तेही खरंच,” तो म्हणाला. “बरं, ओततो मग. ठेवून तरी काय करणार, गार होतंय.”

तीस टन पोलाद साच्यांत ओतलं गेलं. अंगावर लाल फुली मारून ते आवाराच्या कोपऱ्यात जाणार होतं, तीन आठवड्यांतल्या आधीच्या दोन खेपांशेजारी.

ही ऑर्डर होती बसच्या आसांची. चाकं ज्याच्यावर फिरतात तो जाडजूड दांडा म्हणजे आस. पन्नास माणसं घेऊन बस खड्ड्यातून उसळते तेव्हा सगळा भार त्या दांड्यावर. पोलादात गंधक राहिला की वरून ते धट्टंकट्टं दिसतं, पण घडताना गंधकाचे बारीक कण ताणले जाऊन आत रेघा-रेघा होतात, आणि आडवा झटका बसला की नेमकं त्या रेघेवर तुटतं. म्हणून पॉइंटताईला इथे भाऊबीऊ काही सुचत नव्हतं. आकडा आला तो तिने लिहिला. पहिल्या खेपेलाही लिहिला, दुसऱ्या खेपेलाही लिहिला. दादाने एकदाही तिला ‘जरा बघ की’ म्हटलं नव्हतं, आणि त्याचंच तिला जास्त टोचत होतं.

बाराच्या सुमाराला वहिनीचा फोन आला. वहिनी कधी कामाच्या वेळी फोन करायची नाही.

“आज काय झालं?” वहिनीने एकदम विचारलं.

“पुन्हा तेच.”

“अगंबाई.” वहिनीचा आवाज खाली आला. “हे बघ, मी सांगितलं म्हणू नकोस हं. यांनी अर्ज लिहून ठेवलाय. काल रात्रीपासून शर्टाच्या खिशात घेऊन फिरताहेत. आज आकडा वाईट आला तर तीन वाजता पाळी सुटताना साहेबांना द्यायचा म्हणाले. भट्टीवरून काढा, भंगार वेगळं करायला बसवा, म्हणून.”

“कोण म्हणतंय त्याला काढा म्हणून? साहेब तर एक शब्द बोलले नाहीत!”

“साहेब कशाला बोलतील? हेच बोलताहेत. डोळे गेले म्हणतात. अगं, चार दिवस झाले, घरातल्या दोन चादरी समोर धरतात आणि मला विचारतात, यातली जास्त पांढरी कुठली? मी सांगितलं की म्हणतात, मला दोन्ही सारख्याच दिसतात. आता दोन्ही एकदमच घेतलेल्या गं, सारख्या नाही तर काय दिसणार! पण ऐकतील तर शपथ.” आणि मग वहिनी रडायलाच लागली. “त्यांना भंगारात बसवलं ना, तर हा माणूस वर्षभरही टिकायचा नाही. मी ओळखते त्यांना.”

पॉइंटताईने फोन ठेवला. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

दादाने भट्टी सोडली तर? बाबा गेले तेव्हा ती नववीत होती. दादा कॉलेज सोडून भट्टीवर फावडं मारायला आला, म्हणून ही केमिस्ट्री शिकली. त्याच्या फावड्यावर शिकलेली बाई आज त्याला रोज आकडे सांगून घरी बसवत होती. तिला स्वतःचाच राग आला. आणि राग आला की तिचं डोकं चालायला लागायचं, ही एक तिच्या बाबतीत बरी गोष्ट.

तिने रजिस्टर पुढे ओढलं. तिन्ही खेपांच्या स्लॅगचे आकडे बघितले. चुना चोपन्न टक्के, सिलिका नऊ, अॅल्युमिना पंचवीस, लोखंडाचा गंज एक टक्क्याच्याही खाली. अहो, पुस्तकात छापावी अशी स्लॅग! असल्या स्लॅगने गंधक धरला नाही, तर मग धरणार तरी कुणी? तरी भट्टीतून निघताना पोलादात झीरो फोर फाइव्ह होता आणि लेडलमध्ये, म्हणजे त्या मोठ्या बादलीत, स्लॅगखाली तासभर ढवळून झाल्यावर झीरो फोर वन. तासाभरात कमी झाला तो नावाला. चुना काय झोपा काढत होता?

तिने पेन उचललं आणि मागच्या पानावर साधा हिशेब मांडला. गंधक काही हवेत उडून जात नाही. पोलादात नसेल तर स्लॅगमध्ये असला पाहिजे, स्लॅगमध्ये नसेल तर पोलादात. तीस टन पोलाद, वर नऊशे किलो स्लॅग. मशीन म्हणतंय ते खरं असेल तर स्लॅगमध्ये किलो-सव्वा किलो गंधक गेला असेल, म्हणजे टक्क्याचा जेमतेम दहावा भाग. पण दादाचे डोळे खरे असतील आणि गंधक नेहमीइतका खाली उतरला असेल, तर पोलादातून अकरा किलो गंधक निघून स्लॅगमध्ये बसला असेल, म्हणजे सव्वा टक्का. दहावा भाग की सव्वा टक्का, एवढंच बघायचं होतं. आणि स्लॅगमधला गंधक कुणी कधी बघत नाही, कारण कुणी विचारत नाही. चुना विचारतात, सिलिका विचारतात, स्लॅग पोटात काय घेऊन बसलीय त्याची चौकशी कोण करतो!

सकाळच्या स्लॅगची पुडी तिच्या समोरच होती. स्लॅगमधला गंधक मोजणं मशीनला शिकवलेलं नव्हतं. म्हणून तिने कोपऱ्यातली नळीची भट्टी तापवली. ही पद्धत तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली. अर्धा ग्रॅम पीठ तोलून नळीत सरकवायचं, ऑक्सिजन सोडायचा, जळून जो वायू निघतो तो स्टार्चच्या निळ्या पाण्यातून बुडबुडे करत न्यायचा. गंधक असेल तर निळा रंग उडतो. मग वरच्या काचेच्या नळीतून थेंबथेंब औषध सोडत तो निळा परत आणायचा. जितके थेंब, तितका गंधक.

मावशी तिच्या मागे येऊन उभी राहिली. मावशी म्हणजे लॅबमधली मदतनीस, नमुने कापणं, घासणं, पुड्या बांधणं ही सगळी तिची कामं. सात वर्षांत दोघींचा एक दिवस भांडणाशिवाय गेला नव्हता आणि एक चहा एकमेकींशिवाय झाला नव्हता.

“हे काय आता, आजीबाईंच्या काळातलं?” मावशी म्हणाली.

“गप्प बस. थेंब मोज.”

पाण्याचा निळा रंग क्षणात उडाला. पॉइंटताईने थेंब सोडले. निळा आला, पुन्हा उडाला. अजून थेंब. पुन्हा उडाला. एरवी जिथे थांबायचं ती खूण मागे गेली. मावशी मोजता मोजता मोजायची थांबली.

“ताई, हे तर थांबतच नाहीये.”

“नको थांबू दे,” पॉइंटताई म्हणाली. “चालू दे बाई, चालू दे.”

शेवटी निळा टिकला. तिने आकडा मांडला, पुन्हा तपासला. एक पूर्णांक दोन दोन टक्के. खात्रीसाठी मागच्या दोन्ही खेपांच्या पुड्या जाळल्या, एक पूर्णांक एक आठ आणि एक पूर्णांक दोन शून्य. अकरा किलो गंधक स्लॅगमध्ये मुकाट बसला होता. दादाने त्याला बरोबर धरून कोंडलं होतं, तिन्ही वेळेला. ती मटकन स्टुलावर बसली.

मग पोलादाच्या नमुन्यात गंधक आला कुठून?

पावणेदोन वाजले होते. मशीन खरं, मानक खरा, स्लॅग खरी. तिने नमुन्याची वाट पहिल्यापासून आठवून बघितली. भट्टीतला नमुना चपटा असतो, बिस्किटाएवढा. तो मशीनशेजारच्या पॉलिश पेपरच्या पट्ट्यावर घासला की झालं. त्याचे आकडे कधीच बिनसले नव्हते. पण या बसवाल्या गिऱ्हाइकाची तऱ्हाच वेगळी. लेडलमधून बाटलीच्या बुचासारखा जाड नमुना घ्या, मधोमध कापा, अर्धा तुम्ही तपासा आणि अर्धा सीलबंद करून आम्हाला द्या. म्हणून तीन आठवड्यांपासून मागच्या खोलीतली करवत चालू झाली होती, आणि तिच्याशेजारचा जुना घासायचा पट्टा.

ती मागच्या खोलीत गेली. करवत, पट्टा, फडकं, तेलाचा डबा. दहा वेळा बघितलेल्या गोष्टी. ती प्रत्येकीकडे अशी बघत राहिली जशी त्यांनीच काहीतरी चोरलंय.

“मावशी, या करवतीवर काय बदललं?”

“काही नाही. करवत तीच, पातं तेच. तेल तेवढं तुम्ही आणलंत.” मावशीने हात पुढे केले. “देव तुमचं भलं करो, खाज गेली बघा माझी. आधीच्या तेलाने नुसती सालटं निघायची.”

आणि पॉइंटताईला आठवलं. मावशीचे हात सोलवटलेले तिला बघवेनात, म्हणून ती वर्कशॉपमधल्या लेथवाल्याकडे गेली होती. त्याने डबा दिला होता. “न्या ताई, एक नंबर तेल. लोखंड लोण्यासारखं कापतं.” का कापतं, ते तिने विचारलं नव्हतं. केमिस्ट बाई, आणि विचारलं नाही! लोखंड लोण्यासारखं कापावं म्हणून असल्या तेलात काय घालतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. गंधक घालतात.

नुसतं ठाऊक असून भागणार नव्हतं. साहेबांसमोर जाऊन ‘मला वाटतं तेल असेल’ म्हटलं, तर कुणीही म्हणालं असतं, बहीण भावाला वाचवतेय. म्हणूनच तर तीन आठवडे ती आकड्याला घट्ट धरून बसली होती. आता असा पुरावा हवा होता ज्याला भाऊ नाही आणि बहीण नाही. ती परत पुढच्या खोलीत आली, कपाट उघडलं आणि मखमली डबीतून मानक काढला.

या मानकाचे लाड विचारू नका. परदेशातून आलेला, किंमत ऐकून साहेबांनी घाम पुसला होता. करवत-बिरवत सोडाच, कारखान्यातल्या पट्ट्यावरही पॉइंटताईने त्याला कधी घासू दिलं नव्हतं. वेगळ्या स्वच्छ पॉलिश पेपरवर स्वतःच्या हाताने घासायची, मऊ कापडाने पुसायची, डबीत झोपवायची. मावशी त्याला जावई म्हणायची. आणि तिथेच तर गोम होती! बाकीच्या नमुन्यांची जी दशा व्हायची, ती जावयाच्या वाट्याला कधी आलीच नाही. मग तो कसा सांगणार की घरात काय चाललंय?

तिने मानक करवतीच्या शिकंज्यात धरला.

“ताई!” मावशी किंचाळली. “अहो जावई आहे तो!”

“असू दे. आज त्याला सुनेसारखं वागवायचंय.”

आणि तिने करवत चालू केली. तेल वाहिलं, पातं आत गेलं, पाच वर्षं जपलेल्या ठोकळ्याचे दोन तुकडे झाले. मावशीने कपाळावर हात मारून घेतला. पॉइंटताईने एक तुकडा त्या जुन्या पट्ट्यावर घासला, अगदी मावशी रोज घासायची तसाच, रोजच्याच तेलकट फडक्याने पुसला, आणि मशीनवर ठेवला. चर्र आवाज झाला. प्रमाणपत्रावर छापलेलं होतं पॉइंट झीरो वन झीरो.

पडद्यावर आलं, पॉइंट झीरो थ्री सिक्स.

मावशी हळूच म्हणाली, “म्हणजे जावईसुद्धा बिघडला?”

“नाही गं. मी बिघडवला.” आनंद झाला होता की लाज वाटत होती, तिचं तिलाच कळेना. दोन्ही होतं. “सगळ्यांना मीच बिघडवलं. तीन आठवडे.”

पण अजून एक बाकी होतं. गिऱ्हाइकासाठी बाजूला काढलेला सकाळच्या नमुन्याचा दुसरा अर्धा तुकडा तिने घेतला. रसायनाने धुतला, तेल चाखलेला वरचा थर हाताने कागदावर घासून घासून काढून टाकला. मनगट भरून आलं. पुन्हा धुतला, वाळवला, मशीनवर ठेवला. बटण दाबताना तिने डोळे मिटले. इतक्या वर्षांत तिने डोळे मिटून बटण दाबलं नव्हतं.

“ताई, बघा की हो!”

पॉइंट झीरो झीरो एट.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. खरोखर छातीतून काहीतरी सुटून खाली पडल्यासारखं वाटलं. बसच्या आसांना हवं त्याच्या जवळजवळ निम्मं. दादाने असलं पोलाद केलं होतं आणि तिने त्याच्यावर लाल फुली मारली होती. मावशी तिच्या गळ्यातच पडली, आणि मग एकदम दूर होऊन म्हणाली, “अहो, पण वाजले किती?”

तीनला सात मिनिटं कमी.

तिने दोन्ही तुकडे मुठीत धरले, रजिस्टर काखेत मारलं आणि सुटली. चाळिशी ओलांडलेली बाई, पायात लोखंडी टोकाचे बूट, वाटेत भेटेल तो बाजूला होत होता. कुणीतरी ओरडलं, “पॉइंटताई, आग लागली की काय?” आवारातून, वजनकाट्यावरून, साहेबांच्या ऑफिसच्या जिन्यावरून ती वर गेली आणि दार न वाजवता आत शिरली.

अर्ज टेबलावर होता. साहेबांनी चष्मा वर केला होता आणि ते कपाळ चोळत होते. दादा उभा होता, हेल्मेट हातात घेऊन, बाबांच्या फोटोसमोर उभा राहायचा तसा.

“साहेब, त्याच्यावर सही करू नका,” ती म्हणाली. दम लागला होता. “चूक माझी आहे.”

“बाई, बसा आधी,” साहेब म्हणाले. “भावासाठी जीव तुटतो, मी समजू शकतो, पण...”

“भावाचा काही संबंध नाही!” तिने तुकडे टेबलावर ठेवले. “हा मानक. मी कापलाय.”

साहेब अर्धवट उठलेच. “मानक कापला?”

“कापला. आपल्या करवतीवर, आपल्या तेलात. दहाचा छत्तीस झाला.” बोलून गेली आणि जीभ चावली. “पॉइंट झीरो वन झीरोचा पॉइंट झीरो थ्री सिक्स. त्या तेलात गंधक आहे. तेल मी आणलं, कुणाला विचारलं नाही, तपासलं नाही. हा दुसरा तुकडा सकाळच्या खेपेचा, धुऊन तपासलेला. पॉइंट झीरो झीरो एट. आणि हे स्लॅगचे आकडे. गंधक सगळा स्लॅगमध्ये आहे, साहेब. पहिल्यापासून तिथेच होता. आधीच्या दोन्ही खेपा मी उद्या सकाळी नव्याने तपासते, पण तुम्हाला आजच सांगते, त्याही चांगल्या निघणार. माझ्यावर जी काय कारवाई करायची ती करा.”

साहेबांनी रजिस्टर ओढून घेतलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. ओठ हलवत गुणाकार केला. मग खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी लांबलचक श्वास सोडला.

“कारवाई तर मी करणारच,” ते म्हणाले. “तीन आठवडे, नव्वद टन पोलाद, आणि शिवाय मानक. लेखी खुलासा द्या. उद्या.” आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलंच, आवरेना. “बाई, मी काल गिऱ्हाइकाला ऑर्डर परत करायचं पत्र लिहायला घेतलं होतं. बरं झालं, माझं इंग्रजी अडलं.”

दादा हसला नाही. त्याने पुढे होऊन रजिस्टरवरचा तो एकच आकडा बघितला, एक पूर्णांक दोन दोन. मग बहिणीकडे वळला. तिला वाटलं, आता याच्या तोंडचा पट्टा सुटणार, आणि सुटायलाच हवा. तिने मान खाली घातली.

“दादा, मला माफ कर. मी मशीनचं ऐकलं. तुझं ऐकलं नाही.”

“ते जाऊ दे.” त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. “स्लॅग पांढरी होती?”

“पांढरी होती.”

“तिन्ही वेळेला?”

“तिन्ही वेळेला. पुस्तकात छापावी अशी.”

तो समोरच्या खुर्चीत बसला. हेल्मेट मांडीवर ठेवलं आणि त्याच्यावर डोकं टेकून तो रडला. बाबा गेले तेव्हा तो रडला नव्हता, कारण तेव्हा घरात रडायला दुसरी माणसं होती. पॉइंटताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. साहेबांनी तोंड फिरवलं आणि खिडकीतून वजनकाट्यावरच्या ट्रककडे बघत बसले.

थोड्या वेळाने दादाने बाहीने तोंड पुसलं. टेबलावरचा अर्ज उचलला, घडी घातली, खिशात ठेवला. मग बहिणीच्या डोक्यात एक टपली मारली, ती शाळेत असताना मारायचा तशी, जरा जोरातच.

“तेल म्हणे,” तो म्हणाला. “गाढव कुठली.”

“आहेच मी.”

“नाही, आहेसच.” आणि मग त्याने फोन काढून घरी लावला. वहिनीने पहिल्याच घंटेला उचलला असावा. तिकडून ती काहीतरी भराभर विचारत होती, आणि तो नुसता “ऐक तर, अगं ऐक तर” म्हणत होता.

“अगं, मला दिसतंय,” तो म्हणाला. “सगळं नीट दिसतंय मला.”